खड्यांची बरणी

रत्नागिरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू रेशनचे तांदूळ निवडायला बसल्या की त्यांच्याशी कुणी बोलत नसे. आधी सुपात पाखडायचे, मग निवडायचे, शेवटी पाण्यात रोळायचे, म्हणजे उरलेसुरले खडे तळाशी राहतात. "तांदूळ म्हणायचे हे, की कुंपणाला गडगा घालायचे दगड?" असं पुटपुटत त्या एकेक खडा बरणीत टाकत.

"खडे कशाला जपता, काकू?" मी एकदा विचारलं.

"लागतील हो," एवढंच म्हणाल्या.

सत्यनारायणाच्या जेवणाला त्यांनी रेशन दुकानदारालाही आग्रहाने बोलावलं. पंगतीत तो माझ्या शेजारीच होता. माझ्या पानात पांढऱ्याशुभ्र भाताची मूद पडली. त्याच्या पानात काकूंनी वाटी उपडी केली आणि खडखड आवाज झाला. स्वच्छ धुतलेले, वर्षभराचे खडे! त्यावर त्यांनी वरण घातलं, तुळशीचं पान ठेवलं, तूपसुद्धा हात न आखडता वाढलं. पंगतीतला एकही हात हलेना.

काकूंचा आवाज मात्र नेहमीसारखाच मऊ होता.

"वर्षभर तुम्ही आम्हाला वाढलंत, भाऊ. आज आमच्याकडे जेवा. सावकाश होऊ द्या."