हात पाठीमागे

दुसऱ्याच्या संगणकासमोर उभं राहिलं की आप्पा मगदूम दोन्ही हात पाठीमागे बांधत. पडद्यावर चूक ढळढळीत दिसत असो, आम्ही कितीही विनवण्या केल्या तरी ते हात सुटायचे नाहीत. "बघायला आलोय, हात लावायला न्हाई," एवढंच म्हणत. मी कवठे महांकाळहून सांगलीत नोकरीला आले तेव्हा मला याचा संतापच यायचा. अहो, एक बटण दाबलं म्हणून आभाळ कोसळणार आहे का?

नव्वदचं दशक सरत आलं होतं. हळदीच्या गोदामावरच्या माडीवर आमचं प्रोग्राम लिहायचं ऑफिस होतं आणि इंटरनेट फोनच्या तारेवरून रखडत यायचं. आप्पा पूर्वी कॉलेजात शिकवत. घर जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत त्यांचा डबा उघडायचा आणि जेवता जेवता शिकवणी चालायची. "ब्राउझर सर्व्हरच्या दारात एक शब्द घिऊन जातो. 'गेट' म्हंजे दाखव. 'पोस्ट' म्हंजे हे घे. 'डिलीट' म्हंजे काढून टाक. पण ब्राउझरच्या फॉर्मला पयले दोनच येत्यात. मग काढायचं कसं, सांग पोरी?"

तोडगा त्यांनीच काढला होता. आमचा स्वतःचा प्रोग्राम सरळ 'डिलीट' म्हणायचा. ब्राउझरवाल्यांना 'पोस्ट' करावं लागे, आणि त्याच्या पोटात 'याला डिलीट समज' अशी चिठ्ठी लपवलेली असे. सर्व्हर दोन्ही मानायचा. 'गेट'ने मात्र कशालाही धक्का लागता कामा नये, हा आप्पांचा दंडक. "बघणाऱ्याच्या हातनं काय मोडलं, तर दोष त्येचा न्हाई. मोडंल असं ठेवणाऱ्याचा."

एका संस्थेसाठी आम्ही रक्तदात्यांची यादी केली. सांगली आणि सातारा, दोन्हीकडच्या कार्यालयांत ती दिसायची. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सचिव हटून बसले. बटणं नकोत, प्रत्येक नावापुढे निळ्या अक्षरात नुसतं 'काढा' पाहिजे, टिचकी मारली की नाव गेलं पाहिजे. तशा निळ्या अक्षरांवर टिचकी मारली की ब्राउझर नुसतं 'गेट' म्हणतो. आप्पा खूप भांडले. शेवटी थकून म्हणाले, "उद्याचं हुंदे, मग नीट करतो." पुढे दुसरी कामं आली आणि ते तसंच राहिलं.

साताऱ्याच्या कार्यालयात फोनची लाइन सारखी तुटायची. तिथल्या बाईंनी एक दिवस सकाळी पासवर्ड टाकून अख्खी यादी एकदम उतरवून घेणारा प्रोग्राम लावला. असा प्रोग्राम दिसेल त्या निळ्या अक्षरावर जातो. तो प्रत्येक 'काढा'वर गेला. बाईंना फक्त बघायचं होतं, आणि यादी रिकामी झाली.

दुपारी मिरजेच्या दवाखान्यातून संस्थेत फोन आला. कुंडलची एक बाळंतीण अडली होती, तिला दुर्मिळ गटाचं रक्त हवं होतं. संगणक आल्यापासून कागदावरची यादी कुणी सांभाळलीच नव्हती. फ्लॉपीवरची प्रत चढवून नावं परत येईतो ऊन उतरलं. त्या गटाचा एक दाता दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत राहत होता. तो धावत आला, तोवर ती गेली होती. मुलगी वाचली.

डॉक्टर म्हणाले, रक्त मिळालं असतं तरी खात्री नव्हती. आम्ही सगळे त्या वाक्याला धरून बसलो. आप्पांनी ते घेतलं नाही. ते कुंडलला गेले आणि तिच्या नवऱ्याला, संपतला, सगळं सांगितलं. त्याला बिचाऱ्याला काही माहीतच नव्हतं. "चूक माझी हाय. कळत हुती, तरी केली." संपतने त्यांना हाकलून दिलं. मी चिडून म्हटलं, आवं आप्पा, कशाला गेलात आगीत हात घालायला? ते म्हणाले, "त्येला ठावं न्हाई म्हणून माझं ऱ्हाऊन जातंय व्हय?"

पर्युषणाचं व्रत संपलं की जैन माणसं एकमेकांना 'उत्तम क्षमा' म्हणतात, वर्षभरातल्या चुकांची माफी मागतात आणि देतात. आप्पा त्या दिवशी दरसाल कुंडलला जाऊ लागले. पहिल्यांदा दार उघडलं नाही. पुढे उघडलं, पण कुणी बोललं नाही. मग एका वर्षी त्या पोरीने पाण्याचा तांब्या आणून दिला. आप्पांनी तो कसा ओंजळीत घेतला, हे त्यांनी मला दोन्ही हात पुढे करून दाखवलं.

शेवटच्या वर्षी आप्पा अंथरुणाला खिळले. क्षमेचा दिवस आला आणि ते सकाळपासून दाराकडे बघून तळमळत होते. मी उशाशी बसले होते. दुपारी दारात एक उंच माणूस उभा राहिला, हाताशी परकर-पोलक्यातली पोर. आप्पा धडपडत उठायला लागले.

"पडून ऱ्हावा," संपत म्हणाला. "सकाळधरनं वाट बघितली. तुमी आला न्हाईसा, म्हणून आमीच आलो."

आप्पांनी हात जोडले. संपतने ते हात आपल्या हातांत घेतले आणि खाटेच्या कडेला बसला.

"ह्या साली मी म्हणतो, आप्पा," तो म्हणाला. "उत्तम क्षमा."