दहा घोडे की वीस

आमच्या धारच्या घरी मोटार घ्यायची ठरली तेव्हा वाद मोटारीवरून झालाच नाही, झाला तो इंजिनावरून. जर्मनची लढाई संपून दोनेक वर्षं झाली असतील. इंदूरच्या छावणीत एका दुकानात एकाच घडणीच्या दोन मोटारी होत्या. रंग तोच, गाद्या त्याच, कंदील तेच. एकीचं इंजिन दहा घोड्यांचं, दुसरीचं वीस घोड्यांचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दरबारच्या नोकरीतले, उभ्या जन्मात कशाची हौस न केलेले. ते इंदूरहून आले आणि पानावर बसता बसता म्हणाले, "वीसवाली घ्यावी म्हणतो."

आत्याबाईंच्या हातातली आमटीची पळी तिथंच थांबली. आत्याबाई ही मामंजींची थोरली बहीण. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, तेव्हा घर आत्याबाईंच्या हातात, आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडात.

"वीस घोडे! आणि देवासला काय सांगणार?" त्या म्हणाल्या.

देवासला आमच्या वन्सं दिल्या होत्या. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण, मामंजींची एकुलती लेक. देवास हे गावच मुळी दोन राजांचं, थोरली पाती आणि धाकटी पाती. तिथली माणसं उठल्यापासून निजेपर्यंत आपलं आणि पलीकडच्याचं मापत असायची, असं आपलं माझं मत. आमचे व्याही त्यातल्या एका पातीत मानकरी. कोणत्या ते सांगत नाही, त्यांची माणसं अजून भेटतात. लग्नात आमच्याकडचे ताशे त्यांच्या ताशांपेक्षा मोठ्यानं वाजले, एवढ्या अपराधापायी त्यांनी वन्संना वर्षभर माहेरी धाडलं नव्हतं. आणि या व्याह्यांनी नुकतीच मोटार घेतली होती. दहा घोड्यांची.

"मुलीच्या बापानं वाकून असावं," आत्याबाई म्हणाल्या. "तुझी मोटार त्यांच्या दारात त्यांच्याहून मोठ्यानं गुरगुरली, तर बोलणी कोण खाणार? तू नाही, तू निघून येशील. खाणार ती पोर."

मामंजी ताकभात कालवत राहिले.

त्यांना वीस घोडे कशाला हवे होते ते घरात कुणालाच उमगलं नाही. यांना वाटलं, बाबांना म्हातारपणी हौस सुटली. मला मात्र ठाऊक होतं, कारण त्यांची सुरई मी भरत असे.

लेकीला मुलगा होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न नाही, पाणी नाही, ही आमच्यातली जुनी रीत. वन्संना पहिली मुलगी झालेली. मामंजी तर रीतीपेक्षाही कडक. देवासच्या वाटेवरची क्षिप्रा ओलांडली की पुढचं पाणी लेकीच्या गावचं, तेही ते घेत नसत. घरून नेलेली सुरई क्षिप्रेवर पुन्हा भरून घ्यायची आणि मांडीवर धरून टांग्यात बसायचं. उन्हाधुळीतनं टांगा देवासला पोचेपर्यंत निम्मी सुरई संपलेली असे. उरलेली शेजारी ठेवून ते लेकीशी बोलत बसत, आणि पाणी संपलं की उठत. एवढा दोन दिवसांचा आटापिटा करून भेट काय, तर अर्ध्या सुरईची. वन्सं मला एकदा म्हणाल्या, "वहिनी, बाबांनी सुरई उचलली की मी मनात म्हणते, बाबा, लहान घोट घ्या."

वीस घोड्यांची मोटार सुरईला हात लागायच्या आत देवासला पोचली असती. एवढंच त्या माणसाला हवं होतं. हे मी पदरचं सांगत नाही. इंदूरहून आले त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "सूनबाई, सावलीत नुसतं बसलं, तर भरली सुरई दिवसभर पुरेल का गं?"

मी "हो" म्हटलं, आणि चुलीपाशी जाऊन रडले.

कारण माझंही तेच होतं. माझं माहेर कुक्षीचं. अण्णा, माझे वडील, छकड्यातून यायचे, ओसरीवर टेकायचे, आणि पाण्याचं विचारलं की, "आत्ताच प्यायलो." ओठ तर फुटलेले दिसायचे! मला अजून मूलबाळ नव्हतं. मला त्या रीतीचा संताप यायचा, अजूनही येतो. पोटची पोर देऊन टाकतात, आणि तिच्या हातचं पाणी तेवढं चालत नाही! पण बोलायची सोय होती का? डोंबल. मी आत जाऊन भांडी आपटायची. आत्याबाई म्हणायच्या, "आपट, आपट. पितळ बिचारं उलट बोलत नाही."

दुकानदारानं दोन्ही मोटारी बघायला म्हणून धारला धाडल्या, बरोबर महूचा एक मिस्त्री. नालछ्याच्या रस्त्याला चढ आहे, तिथं यांनी दोन्ही नेऊन पाहिल्या. मोठी सरळ वर गेली. लहान मध्येच वाफा सोडायला लागली. मिस्त्री यांना म्हणाला, "भिया, छोटो इंजिन गाँव में तो ठीक हे. लंबो चढाव आयो के यो पाणी माँगेगो."

हे आम्हाला हसत हसत सांगत होते. आत्याबाई म्हणाल्या, "मग पाजा की पाणी! माणसांना रीत असते, मोटारीला कसली आलीय?"

त्याच आठवड्यात निरोप आला की वन्संना पुन्हा दिवस गेलेत. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि भावाला म्हणाल्या, "आता तर मुळीच नको. पहिल्यानंच किती सोसलंय पोरीनं. या खेपेला मुलगा होऊ दे, मग घे हत्तीचं इंजिन."

झालं. मामंजींनी दहा घोड्यांची घेतली. लोक आपलं अंथरूण पाहून पाय पसरतात, आम्ही व्याह्यांचं अंथरूण पाहून पसरले. मोटारीला कुंकू लावलं, नारळ फोडला, आळीतली माणसं बघून गेली. मामंजी बाजूला उभे होते. यांनी आत बसायला बोलावलं तर म्हणाले, "बसेन सावकाश."

खोटं कशाला सांगू, आत्याबाईंचं गणित चुकलं नव्हतं. व्याही धारला आले, मोटारीभोवती फिरले, आणि खूश होऊन म्हणाले, "वा! अगदी आमच्यासारखीच घेतलीत!" महिन्याभरात त्यांनी वन्संना आपण होऊन माहेरी धाडलं. चांगल्या पंधरा दिवस राहिल्या. अंगणात लेकीला कडेवर घेऊन मोटारीपाशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बाबा, आता तुम्ही यातनं या. टांग्यापेक्षा बरी." मामंजी म्हणायचे, "येईन हो." मी त्यांच्याकडे बघत नसे.

बाळंतपण देवासलाच व्हायचं होतं. ऐन ज्येष्ठात एके सकाळी तार आली. दुसरीही मुलगी झाली होती आणि वन्संना ताप होता, लगेच निघा म्हणून. बाळंतिणीचा ताप म्हणजे काय ते तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागत नसे. मी सुरई भरली. मामंजी म्हणाले, "तूही चल, सूनबाई. तिच्यापाशी आपलं माणूस पाहिजे." हे मोटार हाकायला, मामंजी त्यांच्या शेजारी, मी मागे, आणि माझ्या पायाशी इंजिनासाठी पाण्याचा डबा.

त्या वाटेचं काय सांगू. ऊन असं की दाराच्या पितळेला हात लावता येत नव्हता. इंदूरच्या अलीकडेच मोटार दोनदा तापली. तापली की थांबायचं, झाकण सोडायचं, वाफ जाईपर्यंत उभं राहायचं, मग पाणी ओतायचं. मामंजी एकदाही "चल लवकर" म्हणाले नाहीत. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं, यांना बोलावं, मला बोलावं. ते नुसते समोर बघत होते.

क्षिप्रेला दगडांच्या मधे डबकी तेवढी उरली होती. तिथं डबा भरला, सुरई विसळून पुन्हा भरली. मामंजींनी ती मांडीवर घेतली. पण एक घोट घेतला नाही. मी पाहत होते. ओठांवरून जीभ फिरवत होते आणि सुरईच्या गळ्यावर हात धरून बसले होते. भरलेली न्यायची होती त्यांना.

पुढच्या चढावर डबाही संपला. आणखी थोडं गेलो, देवासची देवीची टेकडी समोर दिसायला लागली, आणि तिथं मोटारीनं पुन्हा वाफ सोडली आणि उभी राहिली ती राहिलीच. आजूबाजूला नुसतं काळं रान, भेगा पडलेलं. विहीर नाही, झाड नाही. हे रिकामा डबा घेऊन निघाले. "कुठं ना कुठं मोट असेल, बघून येतो."

"थांब," मामंजी म्हणाले. "झाकण काढ."

"बाबा, ते तुमचं..."

"काढ झाकण."

वाफ ओसरल्यावर त्यांनी आपल्या हातानं सगळी सुरई इंजिनात ओतली. शेवटी उलटी करून झटकली. मग ती रिकामी सुरई रस्त्याच्या कडेला ठेवली आणि मोटारीत बसले. मी म्हटलं, "मामंजी, सुरई?" ते म्हणाले, "राहू दे तिथंच."

देवासला अंगणात व्याह्यांची मोटार होती, तिच्या शेजारी आमची लागली. दोघी सारख्या, जुळ्या बहिणीच. त्या दिवशी त्यांच्याकडे बघायला कुणाला डोळे नव्हते. व्याही पुढे आले. त्यांनीच मामंजींचा हात धरून आत नेलं.

वन्संचा चेहरा तापानं लाल झालेला, पण शुद्ध होती. बाळ विहीणबाईंच्या मांडीवर होतं. वन्संनी वडलांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे.

"बाबा, सुरई?"

"मोटारीनं प्यायली," मामंजी म्हणाले.

वन्सं हसल्या. एवढ्या तापात हसल्या, मी डोळ्यांनी पाहिलं. "म्हणजे तुम्ही सकाळपासून..." त्यांचा हात उशाशी तांब्याकडे गेला. तांब्या उचलेना. मी धरायला गेले तर मला म्हणाल्या, "नको, वहिनी. नुसता आधार द्या. मी देते." मी खालून हात लावला. अर्धं पाणी चादरीवर सांडलं, अर्धं फुलपात्रात पडलं.

बाळंतिणीची खोली, त्यात सोयर, लेकीचं घर, मुलगा नाही. आमच्या मामंजींचं सोवळं साऱ्या धारमधे माहीत. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मामंजींनी ते फुलपात्र दोन्ही हातांनी घेतलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग पुन्हा पुढे केलं. "आणखी दे, बाळ."

वन्संनी आणखी दिलं. म्हणाल्या, "आता उठायची घाई नाही ना?"

"नाही," ते म्हणाले. "आज कसली घाई नाही."

ते तिच्या उशाशी बसले ते उठलेच नाहीत. मधूनमधून पाणी मागायचे. तहान नसतानाही मागायचे, मला कळत होतं. ती द्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं गेल्या.

धारला परत आलो. आत्याबाई दाराशीच उभ्या होत्या. चार दिवसांनी मामंजी जपाला बसले असताना त्या समोर जाऊन बसल्या आणि कपाळ बडवून घ्यायला लागल्या. "माझ्या मेलीमुळं! मी दहा घोडे धरून बसले. वीस असते तर कितीतरी आधी पोचला असतास रे. तिला आणखी चार घटका..."

मामंजींनी त्यांचे हात धरले. "अक्का, वीस असते तर भरली सुरई घेऊन पोचलो असतो," ते म्हणाले. "माझंच पाणी प्यायलो असतो, आणि तिच्या हातचा एक घोट न घेता आलो असतो. अगं, एवढी वर्षं मी काय करत होतो?"

मग ते रडले. बाप्या माणसाला असं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पावसाळा सरल्यावर अण्णा कुक्षीहून समाचाराला आले. छकड्यातून उतरले, ओसरीवर टेकले. उन्हानं चेहरा काळवंडलेला. मामंजींनी आत हाक दिली, "सूनबाई, पाणी आण." मी जागची हलले नाही, अण्णांचं उत्तर मला पाठ होतं. अण्णा म्हणालेच, "नको, नको, आत्ताच प्यायलो."

"सूनबाई, पाणी," मामंजी पुन्हा म्हणाले.

मी तांब्या-फुलपात्र घेऊन दारात आले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मामंजींकडे पाहिलं. "पण रीत..." म्हणाले.

मामंजी उठून त्यांच्या शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, "व्याही, तुमची देणारी जिवंत आहे. प्या."

अण्णांनी फुलपात्र घेतलं. पाणी पिताना त्यांचे डोळे मिटलेले होते. प्यायल्यावर ते माझ्यापुढे केलं आणि म्हणाले, "आणखी दे."

त्या दिवशी अण्णा दिवेलागणीपर्यंत बसले.