दादाची न धुतलेली गाडी

परवा आमच्या साताऱ्याच्या घरासमोर कॅरियरवरून एक कार उतरली. मुलाची. नोकरीसाठी तो परदेशी गेला आणि हैदराबादची आपली गाडी आमच्याकडे पाठवून दिली... ती कुठवर आली हे मोबाईलवर दिसत होतं. मला मात्र सारखी आठवत होती नव्वदच्या दशकात आमच्या गावी आलेली दादाची गाडी.

आमचं गाव वडूजच्या पुढं. त्या भागातली बरीच माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे देशभर कुठं कुठं दुकान टाकून सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, उभी हयात कोइमतूरला काढली आणि मग दुकान माझ्या थोरल्या भावाकडे, तानाजीदादाकडे सोपवून ते गावी आले.

पण धंदा काही डोक्यातून गेला नाही. "गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दारात गेलं की गेलं," हे त्यांचं पालुपद. त्यामुळे दादाने दुकान बंद ठेवायचं नाही, अगदी गावच्या यात्रेलाही नाही... आणि दादा बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हताच. कैक यात्रा त्याच्याविना गेल्या होत्या.

त्या वर्षी यात्रा तोंडावर आली आणि त्याचा निरोप आला. मला यायला जमत नाही, पण माझी गाडी ट्रकने पाठवतोय, आई-आप्पांना फिरायला होईल. आप्पांची छाती फुगली. सगळ्या गावाला सांगून झालं.

आई भाकरी थापत होती. "मी काय गाडी मागितली व्हती व्हय?" एवढंच म्हणाली, आणि नंतर त्या गाडीचं नावच काढेना.

ट्रक आला तो सकाळी. पुढे नारळाची पोती आणि मागे दोरखंडांनी आवळलेली पांढरी कार. सगळी आळी गोळा झाली... आणि तेव्हा कुठं लक्षात आलं, की ही उतरवायची कशी, याचा कुणी विचारच केला नव्हता.

कुणी म्हणे फळ्या लावा, कुणी म्हणे वीसजण मिळून उचलू. ट्रकचा ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसलेला. शेवटी आई दारातूनच म्हणाली, "आवं, बाजारतळावर शेरडं-मेंढरं जिथनं ट्रकात चढिवत्यात, तिथं न्या की!"

खरंच की! जनावरांसाठी बांधलेल्या त्या दगडमातीच्या धक्क्याला ट्रक मागून लावला. गाडी चालवता येणारा गावात एकच, सुभानानाना, मिलिटरीतून रिटायर झालेले. त्यांनी ती इतक्या हळू उतरवली, की बघणाऱ्यांचाच श्वास अडकला.

गाडी दारात आली. आईने ओवाळलं, नारळ फोडला, पण सगळं कसं उरकल्यासारखं. आप्पा फडकं घेऊन आत शिरले आणि लगेच ओरडले, "झाडल्यालं टाकू नगा, कागदात घ्या!"

आम्ही हसून बेजार. पण गलाईवाल्याच्या घरात झाडलोट कधी फेकत नाहीत, दुकानातल्या धुळीतही सोन्याचा कण असतो. आप्पा गावी येऊनही सवयीने उंबऱ्यातली धूळ दोनदा बघायचे.

मग मी बादली भरून आणली. सुभानानाना म्हणाले, "वहिनी, धुवायच्या आधी घरच्या लक्ष्मीनं एकदा बसावं."

आई नाइलाजाने मागच्या सीटवर बसली. नानांनी दार लावलं. काचा बंद होत्या. बराच वेळ झाला तरी ती उतरेना, म्हणून मी दार उघडलं, तर ती पदर तोंडाला लावून रडत होती.

"धुऊ नगा हिला," ती म्हणाली. "माझ्या पोराचा वास येतोय."

मी आत वाकले. जळका कोळसा आणि तेजाब... सोनं शुद्ध करायच्या अॅसिडचा तो उग्र वास. आप्पा वर्षानुवर्षं हाच वास अंगावर घेऊन सुट्टीला यायचे. मला लहानपणी तो आवडायचा नाही. त्या दिवशी मात्र माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

आप्पा कागदातली धूळ हातात घेऊन तसेच उभे होते. जेवलेही नाहीत नीट. दुपारच्या एसटीने मला बरोबर घेऊन वडूजला गेले, एसटीडी बूथवर. दादाचा फोन लागल्यावर इकडचं तिकडचं काहीच विचारलं नाही.

"तान्या, दुकानाला कुलूप लाव आन् ये. तुझी आई गाडी धुऊ देत न्हाई."

बस्, एवढंच. फोन ठेवला आणि बिल द्यायचं विसरून बाहेर चालू लागले. माझ्या बापाला एवढं घाईत मी कधी बघितलं नव्हतं.

दादा रेल्वेने मिरजेला उतरणार होता. त्याला आणायला त्याचीच गाडी गेली... ती तिची आमच्याकडची पहिली फेरी. नाना चालवायला, आप्पा पुढे, आई आणि मी मागे. वाटेत कडेगावजवळ उसाच्या बैलगाड्यांमागं अडकलो, तर आई नानांवरच वैतागली.

दादा स्टेशनातून बाहेर आला. चांगलाच वाळला होता. आईच्या पाया पडला, मग गाडीकडे बघून म्हणाला, "आवं आप्पा, लय घाण झालीय की. कुणी धुतली न्हाई व्हय?"

आईने त्याचा दंड घट्ट धरला होता. म्हणाली, "आता धुवा."

आज आई नाही, आप्पाही नाहीत. आपल्या माणसाची ओढ अशी उघड बोलून दाखवता येते, हे मी त्या दोघांकडून शिकले, त्याबद्दल त्यांचे उपकार.

परवा मुलाची गाडी उतरल्यावर आमचे हे लगेच पाइप घेऊन आले. म्हटलं, थांबा जरा... आणि मागच्या सीटवर बसून आतून दार लावून घेतलं. गाडी अजून धुतलेली नाही.