हुश्श आधी म्हणायचं

आमच्या दवाखान्यातल्या महिला आरोग्य कक्षाचं उद्घाटन झालं तेव्हा पाहुण्यांनी मातृशक्तीवर भरपूर वेळ भाषण केलं. समोर खुर्च्यांवर बसलेल्या बायका चुळबुळत होत्या. पाहुण्यांना वाटलं, भाषण काळजाला भिडतंय. खरी गोष्ट अशी होती की बायकांच्या संडासाचं दार व्यासपीठाच्या मागे गेलं होतं आणि मातृशक्ती आटोपल्याशिवाय ते उघडणार नव्हतं. लघवी न आवरण्याच्या त्रासावर उपचार करणाऱ्या कक्षाची याहून समर्पक सुरुवात मला सुचली नसती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते आणि राहायला वसईत. आठवड्यातली एक सकाळ तिथल्याच एका ट्रस्टच्या या दवाखान्यात द्यायचं मी कबूल केलं होतं. माझ्या विषयाला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. माणूस रोज जी कामं करतो ती बघायची आणि दुखणं न वाढवता ती कशी करता येतील ते शोधायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण माझ्या दारावर तो शब्द ठळक अक्षरांत रंगवला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेतलेले एक गृहस्थ आत आले आणि म्हणाले, "मॅडम, धंदा पार बसलाय. किती दिवसांचा कोर्स असतो?"

बायका मात्र माझ्याकडे येत नव्हत्या. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ हुशार होत्या, हात चांगला होता, पण बाहेरची रांग संपता संपत नसे. शस्त्रक्रिया नको म्हणणाऱ्या बाईला त्या तीन वाक्यं सांगत: वजन उचलू नका, उकिडवं बसू नका, आराम करा. ज्या बाईचा दिवसच या तिन्हींच्या उलट जातो, ती मान डोलावून घरी जाई. त्रास वाढला की परत येई. अशीच परत आलेली एक बाई त्यांनी एकदा माझ्याकडे पाठवली. ज्योतिष्याकडे पाठवावं तशीच, पण पाठवली.

ती जवळच्या गास गावची. पन्नाशीच्या आसपास, दणकट, भाजी स्वतः पिकवून स्वतः बाजारात विकणारी. तिचं अंग बाहेर येत होतं, म्हणजे गर्भाशय जागा सोडून खाली सरकलं होतं. उभं राहिलं की ओढ लागे, खोकलं की कपडे ओले होत. हे सगळं तिनं माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत सांगितलं.

"मावशी, वजन अजून उचलता का?" मी विचारलं.

"नाय हो बाई. डाक्तरीन बाईंनी सांगितलं त्या दिसापासून एक वजन हाताला लावलं नाय. बाजूवालीला सांगते, तूच टाक गं."

"कुठे टाक?"

"तराजूत."

मला समजायला क्षण लागला. ती किलो-अर्ध्या किलोच्या लोखंडी वजनांबद्दल बोलत होती. डॉक्टरांचा शब्द तिनं तंतोतंत पाळला होता.

"आणि भाजीची टोपली?"

"टोपली तं उचलायलाच लागते. टोपली म्हंजे वजन थोडीच? ते ओझं."

मी ही गोष्ट स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगितली तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या. मग हसू अर्ध्यावर थांबलं. "अगं, मी सगळ्यांनाच हे सांगते," त्या म्हणाल्या आणि पुढचा पेशंट आत बोलवायचं विसरल्या.

ऑपरेशन का नको, ते मावशीनं मला तिसऱ्या भेटीत सांगितलं. बाजारात तिची बसायची जागा होती, तिच्या सासूची. त्या जागेला ना कागद ना पावती. रोज येऊन बसतो त्याची जागा, एवढाच कायदा. "दोन-तीन म्हैने घरी बसले, तं जागा गेलीच समजा. ती बाजूवाली आत्ताच रोज वीतभर सरकते. आनि हे बाजारात कोनाला कळायला नको. म्हनतील, म्हातारी झाली, उठवा हिला."

म्हणून मी गिऱ्हाईक होऊन बाजारात गेले. ओळख द्यायची नाही असं ठरलं होतं. एका जुडीचा भाव विचारत मी जेवढा वेळ घालवला तेवढा माझ्या आईनंसुद्धा कधी घालवला नसेल. मावशी सकाळपासून उकिडवी बसलेली. शेजारी पाण्याची बाटली होती, ती मेथीवर शिंपडायला. स्वतः घोटभर पीत नव्हती, कारण मुतारी बाजारामागे होती आणि तिथं जायचं तर जागा सोडून जायला लागे. ऊन आल्यावर तिनं माल सावलीत हलवला. बाकीच्या बायका येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही "हात लाव गं" म्हणत. दोघी मिळून टोपली डोक्यावरच्या चुंबळीवर चढवत. हिनं मात्र दात आवळले, श्वास रोखला, टोपली मांडीवर घेतली आणि एकटीनं डोक्यावर नेली. चेहरा लालबुंद झाला.

बाजूवाली मला म्हणाली, "बघा, आमची महारानी! कोनाचा हात लागू देत नाय. टोपली विटाळंल ना!"

"तुझा हात लागला की माझी मेथी सुकते," मावशी वरून म्हणाली.

डॉक्टरांनी तिला आतून आधार देणारी रिंग बसवली. ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे-सोडायचे कसे तेही शिकवलं. पुढचं माझ्याकडे आलं. उकिडवं बसण्याऐवजी भाजीच्या पालथ्या प्लास्टिक कॅरेटवर बसायचं, हे तिला पटलं. उंचावरून गिऱ्हाईक लवकर दिसतं म्हणाली. एका भरलेल्या टोपलीऐवजी दोन अर्ध्या आणायच्या, हे कुरकुरत मान्य झालं. घोडं अडलं ते श्वासावर. उचलताना श्वास रोखला की सगळा दाब खाली जातो. मी आकृती काढली, हातवारे केले. ती नम्रपणे बघत राहिली. शेवटी विचारलं, "टोपली खाली ठेवल्यावर काय म्हणता?"

"हुश्श."

"तेच आधी म्हणायचं. उचलता उचलता."

ती खुदकन हसली. "उचलायच्या आधीच हुश्श? लोक म्हनतील, कामाच्या आधीच दमली." पण माझ्या फायलींचा गठ्ठा उचलून तिनं हुश्श म्हणून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "खाली ओढ नाय लागत तेवढी," ती म्हणाली. यावेळी ती माझ्याकडे बघत होती.

एका गोष्टीला मात्र ती तयार नव्हती. "बाकी सगळं करीन बाई. पन हात लाव म्हननार नाय. आज हात मागितला की उद्या ती जागा मागंल."

मी वाद घातला नाही. तिच्या बाजाराचं शास्त्र मला येत नव्हतं.

पुढे पावसाळ्यामुळे आणि माझ्या मुलीच्या आजारपणामुळे दोन-तीन महिने माझं दवाखान्यात जाणं अनियमित झालं. मग एका सकाळी मुद्दाम बाजारात गेले. मावशीची जागा रिकामी होती. तिचं कॅरेट होतं, त्यावर बाजूवालीचा एक पाय पसरलेला. अजाण गिऱ्हाईकाचा चेहरा करून मी विचारलं, "इथल्या मावशी दिसत नाहीत?"

"ती दवाखान्यात गेली, रिंग धुवायला. तुमच्याच दवाखान्यात. तुमी हितं काय करता?"

मी घाईनं एक जुडी उचलून तिचा भाव विचारला.

"आमाला सगळं सांगितलंय तिनं," बाजूवाली म्हणाली. "एकदा टोपली उचलताना उगाच हुश्श हुश्श करायला लागली. मी म्हटलं, बाई, तुला भूत लागलं का? मग रडली. मग सांगितलं. येडी. एवढी वर्षं शेजारी बसतो, आनि माझ्यापासून लपवते! आता टोपलीला हात मीच लावते. शिव्या देते, पन लावू देते. मागं जायचं झालं तं ती जाते तवर मी बसते, मी जाते तवर ती. पानी प्यायला लागलीय म्हशीसारखी." पसरलेल्या पायाकडे बोट दाखवत ती म्हणाली, "ही मधली मेथी तिची. पैसं वेगळं ठेवलेत. पाय ठेवलाय, नायतर तो कोथिंबीरवाला सरकतो."

मी निघणार, तेवढ्यात तिनं माझा पदर धरला. इकडे-तिकडे बघितलं आणि बाजारभर ऐकू जाणारा तिचा आवाज एकदम खाली आला.

"बाई, मला खोकताना होतं. थोडंसंच. धाकट्याच्या बाळंतपनापासून."

तिनं कॅरेटवरचा पाय काढला. मी तिथे बसले. ती आणखी जवळ सरकून सांगू लागली, कधीपासून, किती, शिंकताना जास्त की खोकताना. एक बाई समोर येऊन थांबली आणि मला म्हणाली, "मेथी कशी दिली ताई?"

"दोन घ्या, भाव लावून देते," बाजूवाली माझ्या वतीनं म्हणाली आणि मला म्हणाली, "हं, मग पुढं काय सांगत होते मी?"