एका हाताची शिकवणी

माझा उजवा हात गेला तो आंब्याच्या झाडावरून पडून. सांगायला एखादं भारदस्त कारण असतं तर मला आवडलं असतं, पण रत्नागिरीत कुणाचं काही लपून राहत नाही. मुंबईहून आलेल्या मेहुण्याला हापूस कसा उतरवतात ते दाखवायचं म्हणून मी, सरकारी कचेरीतला वरिष्ठ लिपिक, पायांतल्या चपलांसकट झाडावर चढलो. बागेतला गडी खालून ओरडत होता, "साहेब, झेल्यानं काढा. वर कशाला चढता?"

"काठीला जाळं बांधून काय, कुणीही काढील," असं मी वरून म्हणालो. पुढचं वाक्य मी जमिनीवरून बोललो आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हात तुटला नाही. तो होता तिथेच राहिला, फक्त माझं ऐकेनासा झाला. खांद्यातल्या नसा तुटल्या होत्या. मुंबईच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली आणि म्हणाले, "हा परत येणार नाही. डाव्या हाताची सवय करा." सवय करा म्हणजे नेमकं काय करा, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो.

सवय केली ती माझ्या बायकोनं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सकाळी मी देवळातल्या मूर्तीसारखा उभा राही आणि ती मला सदरा घाली, बटणं लावी, पँटचा हूक अडकवी. भात कालवून देई. मासा असेल तर काटे काढून देई. संध्याकाळी पायजम्याची नाडी बांधून देई आणि रात्री झोपायच्या आधी ती पुन्हा सोडून देई, कारण तिची गाठ मला सुटत नसे. तिनं एकदा, फार जपून, सुचवलं होतं, "पायजम्याला इलॅस्टिक घालू या का?" मी तीन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. इलॅस्टिक बाळांच्या चड्डीला असतं, असं माझं ठाम मत होतं. बायकोकडून नाडी बांधून घेण्यात मात्र मला काही कमीपणा वाटत नव्हता.

कचेरीतलं माझं गुपित असं की मी दिवसभर पाणी पीत नसे. पँटचा हूक एकदा काढला की परत लागत नसे, म्हणून काढायची वेळच येऊ द्यायची नाही. चहालाही नको म्हणायचो. लोकांना वाटे, साहेबांनी काही व्रत घेतलंय. मीही ते नाकारलं नाही.

असं दीड वर्ष चाललं. मग एका रविवारी शाईची दौत शोधताना बायकोच्या टेबलाच्या खणात मला एक कागद सापडला. लांजा तालुक्यातल्या एका शाळेवर तिला मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक मिळाली होती. रोज जाऊन-येऊन करता येण्यासारखं गाव होतं, पण पहाटेची एस.टी. धरावी लागणार होती. त्याच्या खाली तिच्या सुंदर, गोल अक्षरात उत्तराचा मसुदा होता: 'घरगुती अडचणीमुळे ही बढती स्वीकारण्यास मी असमर्थ आहे.'

घरात आम्ही दोघंच. त्यामुळे घरगुती अडचण कोण हे शोधायला मला फार वेळ लागला नाही.

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "हे पाठवू नकोस."

तिनं कागदाकडे पाहिलं आणि हातातली पोळी तव्यावर टाकली. "पहाटे साडेपाचला मी गेले तर तुम्ही कचेरीत कसे जाणार? पायजम्यात?"

"मला आता सगळं येतं. तुला वाईट वाटू नये म्हणून करून घेतो."

तिनं गॅस बारीक केला, जवळ आली आणि माझ्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं. "लावा."

मी दहा मिनिटं झटलो. पोळी जळाली. शेवटी तिनंच बटण लावलं आणि म्हणाली, "उत्तर द्यायला दोन महिने मुदत आहे." एवढंच. पण त्या मसुद्याची घडी करून तिनं तो पाठवायच्या पाकिटात नाही, तर पुन्हा खणात ठेवला, हे मी पाहिलं.

आता शिकवणारं कुणीतरी शोधायला हवं होतं. शोधणं म्हणजे अर्ज करणं, हे माझ्या रक्तात भिनलेलं. डाव्या हातानं, खेकडे चालून गेल्यासारख्या अक्षरात मी चार कार्यालयांना अर्ज लिहिले. विषय: एका हाताने दैनंदिन व्यवहार करण्यास शिकविण्याची सोय असल्यास कळविणेबाबत. त्या मसुद्याचा मला त्या परिस्थितीतही अभिमान वाटला.

एका ठिकाणाहून अपंगत्वाच्या दाखल्याच्या तीन प्रती मागवल्या. दुसऱ्यांनी एस.टी.च्या सवलतीचा फॉर्म पाठवला. तिसऱ्यांनी उत्तरच दिलं नाही. चौथ्यांनी 'सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने उचित कार्यवाहीस्तव' असं लिहून माझा अर्ज पुढे पाठवला आणि तो फिरत फिरत आमच्याच कचेरीत, माझ्याच टेबलावर आला. बारा वर्षं मी स्वतः अशीच वाक्यं लिहून माणसांना इकडून तिकडे धाडली होती. मी अर्ज वाचला आणि नेहमीच्या सवयीनं त्यावर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारला. शेरा मारून झाल्यावर अर्ज कुणाचा ते लक्षात आलं.

ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईत अशी सोय आहे, पण तीन महिने तिथे राहावं लागेल. माझी सगळी रजा झाडावरून पडण्यात संपली होती.

वाट दाखवली ती मासळी बाजारातल्या मावशीनं. वर्षानुवर्षं मी तिच्याकडून बांगडे घेत असे, पण हात गेल्यापासून फक्त सुरमई मागायचो, कारण तिचा एकच जाडा काटा मला दिसतो. त्या दिवशी ती खेकसली, "बांगड्यानं काय पाप केलान? सारकी सुरमई सुरमई!"

मुदतीतला एक महिना गेला होता. मी वैतागून खरं सांगून टाकलं: काटे निघत नाहीत, बटण लागत नाही, कुणी शिकवायला नाही.

"नाय कसं? जयगडला चाची हाय ना. जन्मापासून एकच हात. माझ्यापेक्षा बेगीन मासे कापते. धक्क्यावर कुणालाही विचारा."

मी विचारलं, "संस्था आहे का त्यांची?"

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी उचलून निघालो.

पुढच्या रविवारी मी एस.टी.नं जयगडला गेलो. धक्क्यावरून माणसांनी दाखवलेल्या घराच्या पडवीत पन्नाशीची एक बाई विळीवर बसली होती. डोक्यावरून ओढणी, उजवा हात कोपराशी संपलेला. डाव्या हातात बांगडा. विळीचा पाट पायाखाली दाबलेला, आणि बांगड्याचं डोकं, पोट, शेपूट असं सगळं मला मोजताही येऊ नये इतक्या वेगानं वेगळं होत होतं. विळी ही एका हाताच्या माणसासाठीच केलेली वस्तू आहे, हे माझ्या तोवर कधी डोक्यात आलं नव्हतं.

मी उभ्यानंच माझं सगळं निवेदन केलं, जवळजवळ अर्जाच्या भाषेत. ती ऐकत राहिली आणि मग आत वळून तिनं हाक मारली, "ऐकलंत का, हे साहेब शिकायला आलेत!"

तिचे यजमान, म्हणजे चाचा, बाहेर आले. जन्मभर जहाजावर खलाशी होते, आता घरी बसलेले. दोन्ही हात भक्कम, दोरखंड ओढून ओढून फुगलेले. ते म्हणाले, "शिका, शिका. मी तीस वर्षं शिकतोय, अजून हिच्यासारखा कांदा चिरता येत नाय."

पहिला धडा जेवणाचा. चाचीनं माझ्यापुढे तळलेला अख्खा बांगडा ठेवला, ताटाखाली ओला फडका घातला. "ताट सरकत नाय आता. शेपटीकडून अंगठा घाला, मधला काटा सुटा करा, मग एकदम उचला."

मी चमचा मागितला. डाव्या हातानं जेवायला मला लाज वाटत असे. लग्नाकार्यात मी याच कारणानं पंगतीला बसणं सोडलं होतं.

"अल्लानं मला उजवा दिलाच नाय," चाची म्हणाली, "मग डाव्यानं जेवते म्हणून तो माझ्यावर रागवेल होय? जेवा."

मी जेवलो. निम्मा बांगडा काट्यांसकट पोटात गेला असावा. चाचांनी माझ्या पाठीत दोन गुद्दे घातले, पाणी दिलं, आणि मी कित्येक महिन्यांनी परक्या घरात पोटभर पाणी प्यालो.

मग बटणं. निकामी हात आधी बाहीत घालायचा, चांगला नंतर. काढताना उलटं. बटणं खालून वर लावत यायचं, म्हणजे दोन्ही पदर जुळतात. डाव्या मनगटाचं बटण तर डाव्या हाताला लावताच येत नाही. ते इलॅस्टिकच्या दोऱ्यानं शिवायचं आणि लावलेल्या बाहीतच हात घालायचा. दीड वर्षात हे मला सुचलं नव्हतं. मी रोज फक्त नाराज होत होतो, त्यातच वेळ जाई.

खरी अडचण आली नाडीपाशी. चाचीला ते येत होतं, लहानपणापासून सलवारीची नाडी ती एकटी बांधत होती, पण परपुरुषाला दाखवणार कसं? आणि मी विचारणार कसा? मी 'तो, दुसरा विषय' असं काहीबाही पुटपुटत राहिलो. चाचांनाच उलगडा झाला. ते आतून एक पायजमा घेऊन आले आणि लुंगीवरून चढवला. चाची आत पडद्यामागे गेली. जाताना तिनं नवऱ्याचा उजवा हात त्यांच्याच गमछ्यानं पाठीशी बांधून टाकला.

"एक टोक दातात धरा," पडद्यामागून हुकूम आला.

चाचांनी धरलं.

"पोट भिंतीला टेका, म्हणजे पायजमा घसरत नाय."

चाचा भिंतीला टेकले. मीही शेजारी टेकलो. जयगडच्या त्या पडवीत आम्ही दोन प्रौढ पुरुष तोंडात नाडी धरून, भिंतीला पोट लावून उभे होतो.

"आता डाव्या हातानं फास करा. झाला?"

"ऊं," चाचा म्हणाले. तोंडात नाडी असल्यानं अधिक काही बोलता येईना.

"खोटं बोलतायत. त्यांचा नाय झाला. साहेब, तुमचा?"

माझा झाला होता, पण त्यात माझा अंगठा अडकला होता. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि नाडी पडली. चाचा हसले, त्यांचीही पडली. पडद्यामागे चाची इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

त्यानंतरचे तिन्ही रविवार मी जयगडला गेलो. चौथ्या वेळी नाडी जमली, आणि भिंतीला पोट टेकून पँटचा हूकही. मी ती तीनदा बांधून, तीनदा सोडून दाखवली. चाचीनं शांतपणे विचारलं, "पण भाऊ, घरात इलॅस्टिक का नाय घालत?"

मी म्हणालो, "लहान मुलांचं असतं ते."

"माझ्या सगळ्या सलवारींना हाय गेली दहा वर्षं. तुमीच नाडी नाडी करत होतात, म्हणून शिकवली."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, पायजम्यांना इलॅस्टिक घाल. तिनं कपाट उघडलं. एक पायजमा इलॅस्टिक घालून तयार होता, दीड वर्षापासून. तो माझ्या खांद्यावर टाकून ती स्वयंपाकघरात गेली.

मुदत संपायला दोन दिवस असताना मी सकाळी एकट्यानं तयार झालो. पाऊण तास लागला. बायको खुर्चीवर हात बांधून बसली होती; दोनदा उठली, दोनदा परत बसली. माझा सदरा एका बटणानं चुकला होता, ते पुन्हा लावलं. मग तिनं खणातला नकाराचा मसुदा काढला, नीट चार तुकडे करून केराच्या टोपलीत टाकला, आणि नवा कागद घेऊन होकार लिहिला. लिहिताना तिचे डोळे भरले होते. मी मुद्दाम बुटांकडे पाहत बसलो. बुटाच्या नाड्या अजून शिकायच्या होत्या.

ती पहाटे साडेपाचला घर सोडू लागली. पहिल्या आठवड्यात मी एकदा उलटा बनियन घालून कचेरीत गेलो आणि एकदा दाढी अर्ध्यावर सोडून. पण दुपारी चहा प्यालो, दोन कप. व्रत सुटलं का, असं कुणीतरी विचारलंच.

चाचीच्या कामाची दखल घ्यावी म्हणून मी सरकारला लांबलचक निवेदन लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे पाठवू नका. लोक येतील ते कागद घेऊन येतील. मला मासे कापायचे असतात." पाठवलं नाही.

वर्षभरानं तिनंच निरोप धाडला: लांज्याकडचा एक शेतकरी येईल, मळणीयंत्रात हात गेलाय, त्याला बटणं शिकवा, तुमच्याकडे शहरात येणं त्याला सोपं. माझी छाती फुगली. मी बायकोकडून फळ्यावरचे खडूसुद्धा मागून ठेवले. तो आला, काळासावळा, अबोल माणूस. मी त्याला निकामी हात आधी, बटणं खालून वर, अशी सगळी तत्त्वं अर्धा तास समजावून सांगितली. तो ऐकत राहिला. मग त्यानं खालची चार बटणं आधीच लावलेला सदरा डोक्यावरून सरळ अंगात घातला, वरचं एक बटण अंगठ्यानं दाबून लावलं आणि म्हणाला, "असा चालेल का?"

मी म्हणालो, "पुन्हा एकदा दाखवा, जरा हळू."