चित्रकथेतली विसरभोळी

शनिवारच्या पुरवणीतल्या चित्रकथेत तीन बहिणी असायच्या: शहाणी, खादाड आणि विसरभोळी. पनवेलच्या घरी आम्हीही तिघीच. कोण कुठली, ते मी थोरलीनं ठरवलं. शहाणी अर्थात मी. विसरभोळी धाकटीच्या माथी मारली, ती आजतागायत.

परवा माझ्या मुलाच्या हळदीला ती सुनेला घेऊन आली. मी सवयीनं ओरडले, "हिच्याकडे काही सोपवू नका गं, विसरेल!" बायका हसल्या. तिची सून मात्र चक्रावली. "मावशी, आमच्या गावच्या लग्नांत धवल्याची गाणी आईच गातात. रात्रभर, सगळी तोंडपाठ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सख्ख्या बहिणीला मी कधी गाताना ऐकलंच नव्हतं.

धाकटी सुनेला हळूच म्हणाली, "गप गो. हितं मी विसरभोळीच हाय."