बावन्न की सत्तावन्न

त्या वर्षी माझ्या वजनावर माझ्याखेरीज सगळ्यांचा हक्क होता. पहाटे मॅडम मला जड करायच्या, संध्याकाळी सर मला हलकं करायचे, आणि दोघंही सांगायचे की हे तुझ्या भल्यासाठीच चाललंय.

सर म्हणजे माझे ज्युदोचे गुरू. मी शाळेत असताना त्यांनी मला मॅटवर उभं केलं. ज्युदो म्हणजे कराटेच ना, असं विचारणाऱ्या सोलापुरात त्यांनी सगळं आयुष्य या एका खेळापायी घालवलं होतं. बावन्न किलोच्या गटात मी राज्यात पहिली आले ती त्यांच्यामुळेच. पण राष्ट्रीय स्पर्धेत दरवेळी माझी गाडी एकाच ठिकाणी अडायची. लढत बरोबरीत राहून जादा वेळेत गेली की माझे हात संपायचे. समोरच्या मुलीचा कोट मुठीत पक्का धरलेला असायचा आणि बोटं आपोआप उघडायची. उपांत्य लढत मी अशीच हरले. ती मुलगी माझ्यापेक्षा चांगली खेळत नव्हती, हे मला मॅटवर पडल्या पडल्यासुद्धा कळत होतं.

म्हणून सरांनीच मॅडमना आणलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ते सोयीस्कर विसरले. मॅडम सोलापूरच्याच, पूर्व भागातल्या विणकर घरातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. खेळाडूंची ताकद आणि दमसास कसा वाढवायचा याचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं होतं. बाहेर मोठ्या शिबिरांत काम करायच्या, वडील आजारी पडले म्हणून गावी परतल्या होत्या.

त्यांनी मला काही महिने अक्षरशः पिळून काढलं. पहाटे मैदानावर स्लेज असायची, म्हणजे चाकं नसलेली लोखंडी गाडी. तिच्यावर वजनं रचायची आणि वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत न्यायची. मग हॉलमध्ये स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठका, आणि डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं. मग बारवर ज्युदोचा जुना कोट टाकून त्याच्या बाह्यांना लोंबकळायचं, मॅडम ‘सोड’ म्हणेपर्यंत. त्या लवकर म्हणायच्या नाहीत. शेवटी सायकल: जीव तोडून पॅडल मारायचे, जरा दम घ्यायचा, परत जीव तोडून. उन्हाळ्यात आमच्याकडे सूर्य उगवतो तोच डोक्यावर, त्यात हॉलचे दोन पंखे बंद आणि तिसरा नुसता आवाज करणारा. मी आत आले होते ज्युदो खेळायला, आणि हमालीला लावल्यासारखी वजनं उचलत होते.

पण फरक पडला. पकड सुटेना. पाठ रुंद झाली, मांड्या भरल्या. आणि काटा पंचावन्नच्या पुढे गेला.

इथून वैताग सुरू झाला. सरांनी काटा बघितला आणि म्हणाले, बावन्नमध्ये तुझं नाव आहे, निवड चाचणीपर्यंत उतरव. मॅडम म्हणाल्या, ही मुलगी आता पुढच्या गटाची, सत्तावन्नची खेळाडू आहे, तिला खाऊ द्या. हे ते एकमेकांना म्हणाले असते तर निदान एकदाचं भांडण होऊन मिटलं असतं. पण सर मला म्हणायचे, तुझ्या मॅडमना सांग, ज्युदो मला कळतो. मॅडम मला म्हणायच्या, तुझ्या सरांना विचार, स्नायू कुठं काढून ठेवायचे ते. निरोप पोचवायला मी, शिव्या खायला मी, आणि वजन उचलायलाही मीच.

दोघांना खूश ठेवायचा मूर्ख मार्ग मी निवडला. मॅडमची सगळी वजनं उचलायची आणि सरांसाठी जेवण तोडायचं. सकाळी दोन अंडी, दुपारी अर्धी भाकरी, रात्री ताक. संध्याकाळी घाम काढायचा रबरी सूट चढवून धावायचं. मी राहायचे त्या हॉस्टेलमधल्या मुली शेंगाचटणीचा डबा उघडायच्या तेव्हा मी खोलीबाहेर जायचे, आणि बाहेर जाऊन कुणावर तरी खेकसायचे.

एका पहाटे स्लेज ढकलताना पाय चालायचेच थांबले. पडले नाही, चक्कर आली नाही. नुसती गुडघ्यावर बसले आणि उठता येईना. मॅडमनी मला सावलीत नेलं, केळं दिलं आणि ते आधी खाऊन होऊ दिलं. मग विचारलं, “पाळी वेळेवर येते का?”

इतक्या वर्षांत मला कुणी काय काय विचारलं होतं. वजन किती, गुडघा कसाय, झोपलीस का, लग्नाचं काय. हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, बंदच आहे, बरेच महिने झाले. उलट बरं वाटत होतं मला, एक कटकट कमी. मॅडमनी कपाळाला हात लावला. त्याच दिवशी मला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं की एवढ्या मेहनतीला हे खाणं पुरत नाही, म्हणून शरीरानं एकेक गोष्ट बंद करायला घेतली आहे. असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतील. सराव बंद करून घरी जा आणि जेव.

घर मंद्रूपच्या पुढं, वाडीवर. वडील मेंढरं घेऊन लांब गेलेले, आई एकटी होती. तिला मी सगळं सांगायला सुरुवात केली, आणि पाळी बंद आहे एवढं ऐकल्यावर पुढचं तिनं काही ऐकलंच नाही. ती हातातलं काम टाकून उभी राहिली, दार लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “कोन हाय त्यो?”

मला हसावं की रडावं कळेना. महिनोन्महिने मी पोटभर भाकरी बघितली नव्हती, मुलगा कुठं बघणार? मी डॉक्टरांचं सांगितलं, सरांचं सांगितलं, बावन्न आणि सत्तावन्न सांगितलं. ती नुसती माझ्या पोटाकडे बघत होती. शेवटी मी चिडून मॅडमना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. अंगणात फिरत ती किती तरी वेळ बोलली. आधी आवाज चढलेला होता, मग नुसतं ‘व्हय’, ‘व्हय’.

फोन परत देताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. संशय घेतल्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. म्हणाली, “पोरीला उपाशी ठिवून कसला खेळ खेळवत्यात? आन् तू बी मला सांगितलं न्हाईस.” आणि चुलीपुढं बसली. त्यानंतर तिनं जे खाऊ घालायला घेतलं, त्याचाही मला वैतागच आला. बाजरीची भाकरी, त्यावर लोणी, मटणाचा रस्सा, दूध, परत भाकरी. नको म्हटलं की ती फक्त माझ्याकडे बघायची.

परतल्यावर सरांना सांगायचं होतं. मॅडम म्हणाल्या, मी सांगते. मी नको म्हणाले. निरोपांचा मला कंटाळा आला होता. सर हॉलमध्ये मॅट पुसत होते. मी म्हणाले, “सर, माझी पाळी बंद पडलीय, न खाल्ल्यामुळं. मी बावन्नमध्ये खेळणार नाही.”

सर पुसतच राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते. म्हणाले, सत्तावन्नमधल्या पोरी लई दांडग्या असतात, उचलून आपटतील तुला. मी म्हणाले, आपटू देत. त्यांनी फडकं पिळलं, बादली उचलली आणि गेले.

मग ते माझ्याशी बोलेचनात. सराव घ्यायचे, पण सूचना हॉलला उद्देशून द्यायचे. मला रोज वाटायचं, जाऊन त्यांना गदागदा हलवावं. एका संध्याकाळी ते पोलीस खात्यातल्या एका मुलीला घेऊन आले, माझ्यापेक्षा उंच आणि चांगली वजनदार. म्हणाले, हिच्याशी खेळ. तिनं मला पहिल्या आठवड्यात इतकं आपटलं की पाठीला बाम चोळून चोळून खोलीभर वास सुटला. हळूहळू मी तिला आपटायला लागले. सर तिला रोज स्वतःच्या स्कूटरवर आणायचे.

निवड चाचणी पुण्यात झाली. पहिल्या दोन लढती मी जिंकले. तिसरी जादा वेळेत गेली. समोरची मुलगी धापा टाकत होती, मीही टाकत होते. पण माझी मूठ तिच्या कॉलरवर तशीच होती, आणि ती सोडवायला जेव्हा मागं झुकली तेव्हा मी आत शिरून तिला खांद्यावरून टाकलं. अंतिम लढतीत मात्र माझा धुव्वा उडाला. त्या मुलीनं मला सहज उचललं, सर म्हणाले होते तस्सं. दुसरी आले. संघात फक्त पहिली जाते, मी राखीव.

बाहेर कँटीनमध्ये सर म्हणाले, बावन्नमध्ये पहिली आली असतीस. मॅडम म्हणाल्या, बावन्नमध्ये ती वजन करायलासुद्धा चालत गेली नसती. आणि माझ्या ताटासमोर बसून दोघं भांडू लागले, पहिल्यांदाच समोरासमोर. त्यांना थांबवायची मला अजिबात इच्छा नव्हती. मी दुसरी थाळी मागवली.

पुढच्या वर्षी सत्तावन्नमध्येच माझी संघात निवड झाली. गावात सत्कार ठेवला होता. सर माइक हातात घेऊन उभे राहिले आणि मुलीचा वजनगट बदलायचा धाडसी निर्णय आपण कसा घेतला, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. शेजारी बसलेली आई मला विचारत होती की या सरांनीच तुला उपाशी ठेवलं होतं ना, आणि मी तिला हळू बोल, हळू बोल म्हणत होते.